परत कोरड्या घरी

पुणं सोडून चेन्नईला आलो ते २००६ साली. पहिली काही वर्षं माझं आणि इथल्या आकाशाचं जमलं नाही. ‘पावसाळा’ म्हटलं की माझ्या मनात जून यायचा, आणि जूनमध्ये चेन्नई भट्टीसारखी तापलेली असते. नैऋत्येचा पाऊस सह्याद्रीवर रिकामा होतो आणि डोंगरापलीकडच्या या किनाऱ्याला फारसं काही मिळत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला वारा फिरतो, बंगालच्या उपसागराकडून ढग येतात, आणि वर्षाच्या पावसातला निम्म्याहून जास्त पाऊस पुढच्या अडीच महिन्यांत पडतो. आपल्याकडे पाऊस संपला की दिवाळी येते, इथे दिवाळीचे आकाशकंदील पावसात भिजतात.

पण एकदा हे अंगवळणी पडलं आणि मी पुन्हा पावसात फिरू लागलो. सिंहगड, लोहगड, राजमाची इथे नाहीत. पण कोट्टूरपुरमचा पूल आहे, त्याखालून वाहणारी अडयार नदी आहे, आणि रविवारी बेझंटनगरचा किनारा आहे. पाठोपाठ मार्गळी येतो, म्हणजे साधारण १६ डिसेंबरपासूनचा तमिळ महिना. पहाटे पारा वीस-एकविसावर उतरतो आणि शेजारचे लोक माकडटोपी, मफलर घालून बाहेर पडतात. पुणेरी माणसाला हसू येतं. मीही हसलो, आणि चार वर्षांनी मीच माकडटोपी विकत घेतली. देवळांतून तिरुप्पावै ऐकू येते, दारोदार ओल्या जमिनीवर कोलम घातलेली असतात. त्या महिन्यातल्या पहाटेच्या फेरीसारखं सुख मला पुण्यातही मिळालं नव्हतं.

त्या काळात नॉर्वे-स्वीडनकडची एक म्हण मी ऐटीत सांगत असे: वाईट हवा अशी काही नसते, वाईट कपडे असतात. पाऊस आला म्हणून घरात बसणारे सहकारी मला आळशी वाटत. बाहेर पडणं हा माझ्या लेखी जवळजवळ सद्गुणच झाला होता.

या सद्गुणाला तडा गेला तो १ डिसेंबर २०१५ रोजी. आधीच्या नोव्हेंबरात शहरावर १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला होता. तळी भरली होती, जमिनीला आणखी पाणी पिणं शक्य नव्हतं. त्या दिवशी पुन्हा अखंड पाऊस लागला. कार्यालय लवकर सुटलं, आणि मी सवयीप्रमाणे पुलावर गेलो. नदी फुगली होती, तिचा रंग बदलला होता, आणि खरं सांगायचं तर ती अतिशय सुंदर दिसत होती. मी अर्धा तास उभा राहिलो, फोटो काढले, पुण्याच्या मित्रांना पाठवले. चेंबरंबाक्कम तलावातून अडयारमध्ये सोडलेलं पाणी त्याच दिवशी २९,००० क्युसेकवर गेलं होतं, हे मला नंतर कळलं. मी सौंदर्य म्हणून पाहत होतो ते पाणी त्या रात्री माणसांच्या घरात शिरलं.

आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला. तिथले वृद्ध जोडपे सहा दिवस आमच्याकडे राहिले. वीज नव्हती, फोन नव्हता. २ डिसेंबरला ‘द हिंदू’ची चेन्नई आवृत्ती निघू शकली नाही, १८७८ पासून असं पहिल्यांदाच घडलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्का नदीकाठच्या वस्तीत राहत. त्या पाचव्या दिवशी आल्या. अंगावर दुसऱ्या कुणाची तरी साडी होती. त्यांनी विचारलं, “सार, तुम्ही सगळे बरे आहात ना?” माझ्या फोनमध्ये पुलावरचे फोटो अजून होते.

मी फोटो पुसून टाकले आणि पावसात फिरणं सोडलं.

प्रश्न असा होता: ज्या पावसाने दुसऱ्याचं घर बुडतं, त्या पावसाचा आनंद घ्यावा का? पहिलं उत्तर सोपं आहे. माझ्या भिजण्याने नदीची पातळी वाढत नाही. मी पुलावर उभा राहिलो नसतो तरी पूर आलाच असता. हे उत्तर तर्काने बिनचूक आहे, पण त्याने मनाची टोचणी जात नाही. लग्नघरी जोरात हसलं आणि शेजारच्या घरात मयत झालेलं असलं, तर त्या हसण्याने कुणी मेलेलं नसतं, तरी आपण आवाज खाली आणतो.

या टोचणीचा शोध घेताना दोन परके विचारवंत भेटले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन कवी लुक्रेशियस म्हणतो की वादळी समुद्रात दुसऱ्याची झुंज किनाऱ्यावरून पाहणं सुखाचं असतं. दुसऱ्याचं दुःख गोड लागतं असं त्याला म्हणायचं नाही. आपण कोणत्या संकटातून सुटलेलो आहोत, हे कळणं गोड असतं. कांट १७९० च्या आपल्या ग्रंथात जवळपास हीच अट घालतो: वादळ, ज्वालामुखी, खवळलेला सागर यांची भव्यता मन भारावून टाकते, पण आपण सुरक्षित जागी असलो तरच. दोघांनीही खरी गोष्ट सांगितली आहे. सुरक्षित जागा हा पावसाच्या सुखाचा न दिसणारा पाया आहे. त्या स्कँडिनेव्हियन म्हणीतली लबाडी मला तिथे सापडली. फरक कपड्यांचा नसतोच. रेनकोट अक्कांकडेही होता. फरक असतो तो परत आल्यावर पाय कोरड्या फरशीवर पडतात की नाही याचा. पावसात फिरण्याचं अर्धं सुख परत येण्यात आहे: टॉवेल, चहा, पंख्याखाली वाळत टाकलेले बूट. परत यायला कोरडं घर नसेल, तर तेच भिजणं म्हणजे नुसतं भिजणं.

आणि सुरक्षित जागा कोणती, हे बहुतेक वेळा नंतरच कळतं. २६ डिसेंबर २००४ ची सकाळ मार्गळीतलीच होती, रविवार होता. मरीना किनाऱ्यावर लोक फिरायला आले होते, मुलं क्रिकेट खेळत होती, तेवढ्यात त्सुनामीची लाट आली. आपल्याकडेही ३० जून २०२४ रोजी, तोही रविवारच, लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात वर्षासहलीला आलेल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस आणि पाण्यातला माणूस यांच्यात लुक्रेशियसला दिसतं तेवढं अंतर नसतं.

हे सगळं पटल्यावर घरी बसणं योग्यच वाटू लागलं. एक प्रकारचं प्रायश्चित्तच म्हणा ना. दोन पावसाळे मी खिडकीतून पाहिले. २०१७ च्या नोव्हेंबरात पुन्हा जोरात पाऊस लागला. एका सकाळी अक्का भिजून आल्या. मी खिडकीशी बसलो होतो. त्यांनी विचारलं, “सार, हल्ली फिरायला जात नाही? पूर्वी तर पावसातच जायचात.” माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये मी सांगितलं की तुमचं घर गेलं त्या पावसात मजा करणं मला बरं वाटत नाही.

त्या हसल्या. म्हणाल्या, “तुम्ही घरी बसल्याने आमचं घर कोरडं राहिलं का? माझी पोरं कालच रस्त्यावर पावसात नाचत होती. मीच त्यांना दोनदा ओढून आत आणलं, मग मीही थोडी भिजले.” आणि मग भांडी घासायला जाता जाता, सहज सांगावं तसं म्हणाल्या, “तुम्ही चाला नाहीतर बसा. पण तुमच्या गेटाचा उतार बांधल्यापासून मागच्या गल्लीत थोड्या पावसातही पाणी भरतं.”

त्या उताराची गोष्ट अशी. पुरानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीच्या असोसिएशनची बैठक झाली. ठरलं की आवार दीड फूट उंच करायचं, मातीचा भाग सिमेंटने झाकायचा, गेटापाशी रस्त्याच्या दिशेने उतार द्यायचा. बारा घरं, बारा हात वर झाले. त्यातला एक माझा होता. कुणालाच कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांना पुन्हा जिना चढावा लागू नये, इतकंच मनात होतं. आवारात पडणारं पाणी पुढे कुठे जाईल, हे एकानेही विचारलं नाही. सिमेंटच्या त्या गुळगुळीत पट्ट्यावर सकाळी फेऱ्या मारता येतील, असं मात्र कुणीतरी म्हणालं होतं.

म्हणजे मी दोन वर्षं प्रायश्चित्त घेत होतो ते न केलेल्या पापाचं, आणि केलेल्या गोष्टीचा मला पत्ताच नव्हता. पुलावर उभं राहून नदी पाहण्यात अक्कांचं काही नुकसान झालं नव्हतं. नुकसान झालं ते रखरखीत एप्रिलमधल्या एका बैठकीत, पंख्याखाली बसून, बिस्किटं खात. पावसाचा न्याय कोरड्या दिवसांत होतो. ‘राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं, तर तक्रार कोणाकडे करायची’ असं आपण म्हणतो. पण पाऊस झोडपतो कुणाला, हे बरेचदा आपण आधीच ठरवून ठेवलेलं असतं. वेळचेरीसारख्या भागात पूर्वी मोठं तळं होतं. त्या तळ्याच्या बऱ्याच जागेवर आज घरं आहेत.

आणखी एक गोष्ट अक्कांच्या हसण्यातून कळली. गरिबाला पाऊस म्हणजे फक्त संकट, आणि त्याचं सौंदर्य पाहणारे आपणच, हा माझा समज सहानुभूतीचा वाटला तरी त्यात अहंकार होता. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराची चारही मोठी तळी आटली. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याआधी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, कित्येक महिन्यांनी, एक सर आली. आमच्या गल्लीत बाया रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे कुडम घेऊन पागोळ्यांखाली उभ्या होत्या आणि हसत एकमेकींवर पाणी उडवत होत्या. तिथे गरज आणि मौज वेगळी काढता आली नसती.

मग पावसातलं सुख निर्दोष ठरलं का? मला तसं म्हणवत नाही. ते कोरड्या घरावर उभं आहे, आणि माझं घर कोरडं का आहे, याचा हिशेब त्या सुखाच्याच वहीत लिहावा लागतो. पण सुख सोडल्याने तो हिशेब फिटत नाही, फक्त वही मिटते. खिडकीत बसलेल्या दोन वर्षांत मला उताराचं पाणी दिसलं नाही. बाहेर पडलो असतो तर पहिल्याच पावसात दिसलं असतं. जो पावसात चालतो त्याला कुठलं गटार तुंबलंय, कुठल्या कोपऱ्यात पाणी थांबतं, कुणाच्या उंबऱ्याला लागतं, हे पायांनी कळतं. मौजेसाठी बाहेर पडलेल्याला हे ज्ञान फुकट मिळतं, आणि एकदा मिळालं की ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणण्याची सोय जाते. माझ्या मते सुखाची किंमत एवढीच आहे, आणि ती कमी नाही.

बेझंटनगरच्या किनाऱ्यावर वाळूत एक पांढरं स्मारक उभं आहे. ३० डिसेंबर १९३० रोजी इतरांचे जीव वाचवताना बुडालेल्या श्मिट नावाच्या डॅनिश माणसाचं. रविवारी त्याच्या सावलीत पोरं पतंग उडवतात, जोडपी बसतात. तोही कोरड्या वाळूवर राहू शकला असता. लुक्रेशियसच्या किनाऱ्यावरचा माणूस पाण्यात उतरला, त्याची ही खूण. माझ्यात ते धैर्य नाही, आणि माझ्याकडून ते कुणी मागितलंही नव्हतं. माझ्याकडून एका बैठकीत उभं राहून एक प्रश्न विचारण्याची अपेक्षा होती.

तो मी २०१८ मध्ये विचारला. पावसाचं पाणी जिरवण्याची सोय तमिळनाडूत २००३ पासून प्रत्येक इमारतीला सक्तीची आहे. आमच्याकडची कागदावर होती, सिमेंटखाली गाडली गेली होती. बरीच वादावादी होऊन दोन शोषखड्डे पुन्हा खणले गेले आणि मागच्या बाजूचं सिमेंट फोडलं. उतार मात्र तसाच राहिला. सात विरुद्ध पाच. गल्लीतलं पाणी कमी झालं, संपलं नाही. अक्कांची वस्ती पुढे हटवली गेली, त्यांना शहराच्या दक्षिण टोकाला पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत घर मिळालं. तो भागही पाणथळाजवळचा. डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात इमारतींभोवती पाणी साचलं, तेव्हा फोनवर त्या म्हणाल्या, “सार, आता मीसुद्धा वरून बघते.” त्यात विनोद किती आणि राग किती, ते मी विचारलं नाही.

मी पुन्हा पावसात फिरतो. फक्त गेटातून निघालो की आधी डावीकडे, मागच्या गल्लीत जातो. पाणी साचलेलं असेल तर काठीने जाळीवरचा पाला काढतो, इस्त्रीवाल्याच्या उंबऱ्यापर्यंत किती आलंय ते पाहतो, आणि असोसिएशनच्या सेक्रेटरींना फोटो पाठवतो. त्यांना माझे फोटो नकोसे झाले आहेत. गल्ली कोरडी असेल तर पुलावर जातो आणि नदी पाहत उभा राहतो. ती अजूनही सुंदर दिसते.