प्रजागर

विदुरनीतीचा आरंभ निद्रानाशापासून होतो. धृतराष्ट्राला झोप येत नाही, म्हणून तो विदुराला बोलावतो. आणि रात्री कोण कोण जागतात, हे विदुर त्याला प्रथम सांगतो : बलवानाने घेरलेला साधनहीन दुर्बल, सर्वस्व लुटला गेलेला, कामी आणि चोर. या यादीत रुग्णाचे वेगळे नाव नाही.

यकृतात ‘बी’ किंवा ‘सी’ विषाणू वर्षानुवर्षे वागवणाऱ्या माणसाला मग कोणाच्या पंक्तीला बसवावे? शरीरापुरते पाहिले तर तो घेरलेला दुर्बल होय. थकवा, खाज आणि चिंता त्याची झोप मोडतात. पुढे यकृत जीर्ण होऊन आक्रसले, की रक्तातील अमोनिया मेंदूला बाधतो, झोपेची वेळ राखणाऱ्या मेलॅटोनिनचा निचरा रेंगाळतो. माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो. अशा वेळी परस्पर घेतलेली झोपेची गोळी घातक ठरू शकते; हे लक्षण डॉक्टरांच्या कानी घालणेच श्रेयस्कर.

हा भाग वैद्यकाचा, आणि वैद्यकाने आपले काम बरेचसे केले आहे. ‘सी’ आता बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, ‘बी’ औषधाने दबून राहतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

परंतु याच माणसाला आपण चोराच्या पंक्तीला बसवतो, त्याला औषध कोणते? कलकत्त्यासारख्या शहरात नोकरीसाठी आलेला परप्रांतीय चौघांत एक खोली घेऊन राहतो. तपासणीचा कागद तो ट्रंकेच्या तळाशी ठेवतो, गोळी इतरांची पाठ वळल्यावर घेतो. कळले तर आपले ताट वेगळे होईल, ठरत आलेले लग्न मोडेल, हे भय त्याच्या उशाशी असते. वस्तुतः हा रोग एका पंक्तीत जेवल्याने वा हात हाती घेतल्याने पसरत नाही. तो रक्तातून, दूषित सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाकडे जातो.

‘मग आम्ही जपायचेच नाही काय?’ असे कोणी विचारील. अवश्य जपावे. वस्तरा वेगळा असावा, ‘बी’ची लस घरच्यांनी घ्यावी. जिच्याशी संसार करावयाचा तिला सत्य सांगणे हे रुग्णाचेही कर्तव्य आहे. मात्र ज्या घरात सत्य बोलणाऱ्याचा पाट उचलला जातो, त्या घराला सत्याची अपेक्षा करण्याचा अधिकार कितपत उरतो?

धृतराष्ट्र निदान स्वतःच्या अन्यायामुळे जागत होता. येथे अन्याय आपला आणि जागरण मात्र दुसऱ्याचे.