माझा जामीन मीच

चेकवरची सही नमुन्याशी जुळली नाही की चेक परत करायचा, हे काम मी २० वर्षं इमानेइतबारे करतो आहे. एका शेपटीच्या फरकापायी मी सख्ख्या मेव्हण्याचा चेक परत पाठवला आहे. (त्याचं व्याज घरी अजून फेडतोय.) असा हा मी गेल्या महिन्यात उघडा पडलो.

शाखेत इंटरनेट गाळणारा प्रॉक्सी बसला. आलेला प्रत्येक लखोटा हा मध्येच फोडतो, आतलं वाचतो, नको ते अडवतो आणि उरलेलं पुन्हा चिकटवून, वर स्वतःची मोहोर ठोकून आपल्याला देतो. ब्राउझर बिचारा माझ्याच जातीचा कारकून. अनोळखी मोहोर दिसताच त्यानं धोक्याची पाटी लावली. खाली बारीक अक्षरात 'तरीही पुढे जा.' मी गेलो. आठवडाभर, दिवसातून २० वेळा गेलो!

शेवटी संगणक विभागाला फोन केला. तिथला पोरगा म्हणाला, "काका, प्रॉक्सीचं मूळ सर्टिफिकेट सेल्फ-साइन्ड आहे. त्याचं त्यानंच दिलेलं."

"म्हणजे खातं उघडणाऱ्यानंच ओळखीदार म्हणून सही ठोकायची?"

"मूळ सर्टिफिकेटं सगळी तशीच असतात, काका. सगळ्यात वरच्याला सही कोण देणार?"

मी गप्प. खरंच की! आईला आई म्हणतो ते तिच्याच शब्दावर. दाखला कुणी मागितला? उलट, २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजीनोटार या दाखले देणाऱ्या मान्यवर कंपनीत चोर शिरले, गूगलच्या नावाचा खोटा दाखला निघाला आणि कंपनीनं त्याच वर्षी दिवाळं काढलं. तेव्हा प्रश्न सही कुणाची हा नाहीच. ती आपण कशावरून मानली, हा आहे.

पोरानं सर्टिफिकेटची फाइल पाठवली. ती विंडोजच्या विश्वासू यादीत घातली. फायरफॉक्सची वही वेगळी, तिथंही नोंदवली. पण आधी कार्यालयाच्या छापील यादीतला नंबर फिरवून त्या फाइलचा ठसा, पुरी ६४ अक्षरं, एकेक करून पडताळून घेतला. ज्याच्यावर शंका, त्यालाच विचारून कसं चालेल? पाटी गेली.

गेली नाही ती टोचणी. मेव्हण्याचा चेक परत करणारं बोट आणि 'तरीही पुढे जा' दाबणारं बोट एकच. माझ्या सचोटीचा दाखला आजवर मीच देत आलो. सेल्फ-साइन्ड! आता कुणीतरी त्रयस्थानं सही करायला हवी.

मेव्हण्याला विचारून पाहावं म्हणतो.