स्वस्त पाना

काटकसर हा सद्गुण आहे, असे मी वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. गेल्या पावसाळ्यापासून मात्र हे वाक्य उच्चारताना जीभ थोडी अडखळते.

आठवडी बाजारातून घासाघीस करून मी पान्यांचा एक संच आणला होता. चकचकीत मुलामा, आणि किंमत एका चांगल्या पान्याहूनही कमी. एके दिवशी शाळा सुटल्यावर एक विद्यार्थी सायकल धरून उभा दिसला. पेडल मारताना क्रँक डुगडुगत होता. "आण इकडे," मी ऐटीत म्हणालो आणि कॉटर पिनीचा नट आवळू लागलो. पाना सटकला. पुन्हा बसवला, पुन्हा सटकला. तिसऱ्या खेपेस नटाचे कोपरे झिजून तो सुपारीसारखा गुळगुळीत झाला.

कारण साधे आहे. चांगल्या पान्याचे तोंड नटाच्या सपाट बाजूंना घट्ट भिडते. हलक्या पोलादाचे तोंड जोर लागताच फाकते. मग सारा भार कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे जातात. गंमत अशी, की पाना निमूटपणे पेटीत परत जातो. नासतो तो नट. भांडे स्वस्त घेतले तर आपलेच दूध सांडते. हत्यार स्वस्त घेतले तर दुसऱ्याची वस्तू बिघडते. मग माझे जे पैसे वाचले, ते नेमके कोणाचे? ज्याला परवडतच नाही, त्याला मी हे विचारणार नाही. मला परवडत होते.

आम्ही कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने छिन्नीने नट तोडला. त्यात पिनीचे आटेही गेले. नवी पिन ठोकताना तो म्हणाला, "पिन आधी हातोडीने बसवायची असते. नट नुसता धरून ठेवायला." (म्हणजे माझी रीतही चुकलीच होती!) मग मुलाकडे वळून खेकसला, "कसल्या पान्याने खेळतोस रे? बापाचे पैसे वर आलेत काय?"

मुलाने माझ्याकडे पाहिले नाही. खाली मान घालून तो पेडल फिरवीत राहिला. पैसे मी दिले; पण 'पाना माझा होता' एवढे तीन शब्द काही माझ्या तोंडून निघाले नाहीत. बाजारात घासाघीस करताना हीच जीभ कशी चुरूचुरू चालली होती!

"येतो सर," म्हणून मुलगा सायकलवर बसून गेला.

तो संच अजून माझ्या खणात पडून आहे. टाकून द्यावा, तर कोणीतरी उचलून नेईल, आणि त्याच्या हाती आणखी कोणाची तरी सायकल येईल.