तासांची नोंद आणि निय्यत



अकरावीत शिकणारे आपले मूल एके दिवशी घरी एक संमतिपत्र घेऊन येते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आहे, पालकांची सही हवी आहे. शाळेत असताना स्काऊट-गाईड किंवा हरित सेना असते, कनिष्ठ महाविद्यालयात ही योजना. सांडोर, पापडी परिसरात राहत असाल, तर असा कागद तुमच्याही हाती आला असेल. तो पाहून तुमच्या मनात पहिला विचार कोणता आला, तेवढे आठवून पाहा.

बहुधा दोनपैकी एक. पहिला असा की, अभ्यासाचे दिवस आहेत, सोबत सर्व धर्मांची मुले आहेत, नमाज चुकेल, कशाला पाठवायचे? दुसरा असा की, प्रमाणपत्र मिळते, पुढे प्रवेशाला उपयोगी पडेल, जाऊ दे. पहिल्या विचारात सत्कर्माला नकार आहे, दुसऱ्यात सत्कर्माचा सौदा. सेवा म्हणजे काय, हा प्रश्न दोहोंत बाजूलाच राहतो.

ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतील सुमारे 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. ‘मी नव्हे, तुम्ही’ हा तिच्या ब्रीदाचा आशय. परंतु स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास काम करावे, अशी अटही तिच्यात आहे. तास आले की नोंदवही आली, नोंदवही आली की सही आली, आणि सहीमागोमाग छायाचित्र. मग प्रश्न उभा राहतो : जी सेवा तासांत मोजली जाते आणि जिचा मोबदला कागदाच्या रूपाने ठरलेला असतो, ती सेवा उरते का?

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार कर्माचे मोल निय्यतीवर ठरते. सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये तर अंगावर काटा आणणारा प्रसंग आहे. अंतिम न्यायाच्या दिवशी एक दानशूर पुढे आणला जाईल. लोकांनी आपल्याला उदार म्हणावे यासाठी त्याने दिले होते, लोकांनी तसे म्हटलेही; त्याचा हिशेब तेथेच पुरा झालेला असेल. हे ऐकून एखादा पालक म्हणेल, मग प्रमाणपत्रासाठी जाण्यापेक्षा न गेलेलेच बरे.

मला तसे वाटत नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यातील बावखळे डोळ्यांसमोर आणा. पावसाचे पाणी साठवून वाड्यांना जगवणारी आणि आसपासच्या विहिरींना पाझर देणारी ही तळी. कित्येक बुजवली गेली, उरलेल्यांत कचरा आणि जलपर्णी. विद्यार्थ्यांच्या एखाद्या तुकडीने त्यांतील एक साफ केले, तर उपसलेला गाळ कोणाची निय्यत विचारत नाही. शेजारच्या विहिरीला पाणी मिळतेच. निय्यतीचा प्रश्न पाण्याचा नाही, उपसणाऱ्याच्या पदरात काय पडले याचा आहे. आणि सोळा वर्षांच्या मुलाची निय्यत घरी बसून शुद्ध होत नाही. प्रमाणपत्रासाठी गेलेला मुलगा चौथ्या दिवशी एखाद्या वृद्धेची घागर उचलताना प्रमाणपत्र विसरून जातो, असे घडू शकते. दिखाव्याच्या भीतीने सत्कर्म सोडणे हीही लोकांच्या नजरेची गुलामीच होय, असे जुन्या बुजुर्गांनी बजावले आहे.

‘इतर धर्मीयांसोबत’ या आक्षेपाविषयी. मक्केत एका येमेनी व्यापाऱ्याचा माल घेऊन त्याचे पैसे बुडवण्यात आले, तेव्हा काही लोक अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याची शपथ त्यांनी घेतली. हाच हिल्फुल-फुजूल करार. पैगंबर (स.) तेव्हा सुमारे वीस वर्षांचे होते आणि त्या बैठकीत हजर होते. प्रेषितत्व यायला अद्याप अवकाश होता. करार करणारे मुस्लिम नव्हते. तरीही पुढे, इस्लामच्या काळात, अशा करारासाठी आजही बोलावणे आले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितले. कुरआनच्या सूरह निसामध्ये सद्‌वर्तनास पात्र असलेल्यांत आई-वडील, अनाथ आणि गरजू यांच्यासोबत नात्याने जवळचा शेजारी आणि परका शेजारी असे दोन्ही शेजारी येतात. सांडोरमध्ये तो परका शेजारी बहुधा ख्रिस्ती असेल. त्याच्या दारापुढील गटार साफ करणे हे आपल्या दीनच्या बाहेरचे काम कसे?

नमाजची चिंता मात्र रास्त आहे. ती घरात कुजबुजण्याऐवजी कार्यक्रम अधिकाऱ्यांना जाऊन सांगावी. जुहरला दहा मिनिटे आणि स्वच्छ जागा मागण्यात संकोच कसला? मुलींच्या निवासाची, पेहरावाची चौकशीही तशीच उघडपणे करावी.

याहून मोठी काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. तालुक्याच्या पूर्व भागातील आदिवासी पाड्यावर कपडे किंवा वह्या वाटल्या जातात आणि घेणाऱ्याला कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले जाते. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. त्या छायाचित्रातील लहान मुलाला उद्या ते दिसेल, तेव्हा त्याला काय वाटेल? अहवालाला पुरावा हवा असेल तर खोदलेल्या चराचे, लावलेल्या रोपांचे चित्र द्यावे. घेणाऱ्याचा चेहरा कशाला? आपल्या मुलाला एवढे सांगून पाठवा की, वाटपाच्या वेळी कोणी कॅमेरा काढला तर नम्रपणे नको म्हण. ही गोष्ट त्याला 120 तासांहून जड जाईल, कारण सोबतच्या मित्रांचा रोष पत्करावा लागेल.

आणि तो परतल्यावर किती तास भरले, हे विचारू नका. ज्यांच्याकडे गेला होता, त्यांतील कोणाचे नाव त्याला आठवते का, ते विचारा. मग शेजारच्या आजींचे औषध आणायला त्याला पाठवा. त्याची नोंद कोणत्याच वहीत होणार नाही, हे त्यालाही ठाऊक असेल.