फलटणच्या मॅक्सीनमावशी

सकाळी चौकाचौकातून शाळांच्या रिक्षा निघतात. बऱ्याचशा इंग्रजी माध्यमाच्या. ही गोष्ट मात्र उलट्या दिशेने गेलेल्या एका बाईंची.

१९६१ साली मॅक्सीन बर्नसन नावाची अमेरिकन तरुणी हैदराबादच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला आली. अशी माणसं वर्ष-दोन वर्षांनी परततात. या मात्र मराठीच्या प्रेमात पडल्या. बोलीच्या अभ्यासासाठी फलटणला गेल्या, तिथल्याच झाल्या. भारताचं नागरिकत्व घेतलं आणि चक्क मराठी माध्यमाची शाळा काढली! १९८६ साली सुरू झालेलं कमला निंबकर बालभवन ते हेच. इंग्रजी तिथेही शिकवतात, पण मूल लिहा-वाचायला लागतं ते मराठीतून.

शिकवायला आलेल्या बाई आधी स्वतः शिकल्या, तेही फलटणकरांकडून. म्हणूनच की काय, गावात त्या मॅडम नव्हत्या, मॅक्सीनमावशी होत्या.