दोन दिनार आणि मंजुरीचा कागद

काही महिन्यांपूर्वी पुण्यातील एका रुग्णालयात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांना भेटावयास गेलो होतो. पहाटे त्यांचे तोंड वाकडे झाले होते व उजवा हात लुळा पडला होता. त्यांची कन्या विम्याचे कार्ड हाती धरून खिडकीपाशी उभी होती. "फादर, मंजुरी अजून आली नाही," एवढेच ती म्हणाली. उपचार सुरू झाले होते, पण ते शेजाऱ्यांनी गोळा केलेल्या अनामत रकमेवर. ज्याला असे शेजारी नाहीत, त्याने काय करावे?

पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. या अवस्थेत मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा अंदाज 2006 साली मांडला गेला. विमा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात देण्याचे बंधन घातले. सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु मेंदूच्या हिशेबात तो एक तास म्हणजे 11 कोटी 40 लाख पेशी! जीव वाचविणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात 1989 सालीच बजावले आहे. कागदाने माणसाच्या मागून यावे, पुढून नव्हे.

तथापि सर्व दोष विम्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. 1986 साली मेडिक्लेम आला, त्यापूर्वी कित्येक घरांत आजारपण म्हणजे दागिने मोडणे हेच होते. राज्य शासनाने 2012 साली सुरू केलेली व आज महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणारी योजना गरिबांना मोठा आधार ठरली आहे. हा पैसा सर्वांच्या सामायिक रांजणातला आहे. कारण नसताना एमआरआय काढणारा त्या रांजणातून शेजाऱ्याचे पाणी उपसतो. म्हणून खर्चाची चौकशी करणे हे पाप नव्हे. मात्र अमेरिकेत 1973 च्या कायद्याने ज्या व्यवस्थेला बळ दिले, तिच्यात कोणत्या तज्ज्ञाकडे जावे व कोणती तपासणी करावी, हेही पैसे देणारा ठरवू लागला. तो धडा आपण विसरू नये.

खरी गाठ पुढेच आहे. मज्जाविकाराचे शास्त्र हे बव्हंशी ऐकण्याचे शास्त्र आहे. मुलाला झटका आला तेव्हा डोळे कुठे वळले, शुद्ध कशी आली, हे आईच सांगू शकते. आकडी की साधी घेरी, याचा उलगडा पुष्कळदा त्या कथनातूनच होतो. अपस्मार, कंपवात, अर्धशिशी यांचे बहुतेक रुग्ण बाह्यरुग्ण विभागातच येतात आणि वर्षानुवर्षे गोळ्या घेतात. बहुतेक पॉलिसी मात्र सामान्यतः 24 तास भरती झाल्याशिवाय पैसे देत नाहीत. खाटेला मोल आहे, ऐकण्याला नाही. मग मोह होतो: एक दिवस भरती दाखवू या. "फादर, एवढे खोटे चालेल ना?" असे मला अनेकांनी विचारले आहे.

चालणार नाही, कारण रांजण शेजाऱ्याचाही आहे. पण जो नियम खरे बोलणाऱ्याला रिक्त हस्ते पाठवितो व खोटे बोलणाऱ्याला भरपाई देतो, तो करणाराही त्या पापाचा वाटेकरी आहे, हे मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

दयाळू शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार मोजून दिले. हिशेब त्यानेही ठेवला. परंतु अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असा शब्दही दिला. विम्याला दिनार मोजता येतात. तो मोकळा शब्द कोणी द्यावा?

त्या प्रसंगानंतर आम्ही धर्मग्रामात अनामत रकमेसाठी छोटा निधी उभारण्याचे ठरविले. बैठकीत पहिलाच प्रश्न निघाला: "कमाल मर्यादा किती ठेवायची?" क्षणभर सारे गप्प झाले. निधी लहान होता, मर्यादा टाळता येईना. ती आम्ही लिहिली. आणि तिच्याखाली आणखी एक ओळ लिहिली: रात्री कोणी दार ठोठावल्यास पैसे आधी द्यावेत, अर्ज सकाळी भरून घ्यावा.