आजोबांच्या नाकाखालची सावली

आमच्या घरात देवांपेक्षा जास्त धाक होता तो आजोबांच्या फोटोचा. १९३८ सालचा. काळी पगडी, आवळलेले ओठ, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळोखी खळगे. वडील साठीला टेकले तरी सुपारी मागच्या पडवीत जाऊन खायचे. "नाना बघतायत," एवढं म्हटलं की आमचं खोटं बोलणं तोंडातच विरघळायचं.

परवा एक छायाचित्रकार मित्र आला. फोटोपुढे उभा राहून तो चेहरा सोडून नाकच बघत बसला.

"सावली सरळ ओठावर पडलीय. म्हणजे उजेड डोक्यावरून आलाय. शिवाय डोळ्यांत ठिपका नाही. उजेड समोरून असता तर बुबुळात चमकला असता. इथे भुवयांनीच अडवला."

गावात तेव्हा वीज नव्हती. स्टुडिओ म्हणजे काचेचं छप्पर नि पांढरे पडदे. छातीशी एक पांढरा फळा धरला असता तर उजेड खालून उसळून खळगे भरले असते. धरला नाही, म्हणून नाना रागावले! पगडीसुद्धा लाल असणार म्हणे. त्या काळच्या पुष्कळ प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, तो काळा उतरायचा.

चर्चिलसाहेबांचा तो प्रसिद्ध गुरकावणारा फोटो तुम्ही पाहिला असेल. ३० डिसेंबर १९४१ रोजी ओटावाला कार्श नावाच्या छायाचित्रकारानं काढला. जगाला त्यात ब्रिटनचा निर्धार दिसला. कारण एवढंच, की कार्शनं क्षणापूर्वी त्यांच्या तोंडातली सिगार काढून घेतली होती. मग आमच्या नानांनीच काय घोडं मारलंय? एका फळ्यापायी माणसाला तीन पिढ्या रागीट ठरवायचं, हा कुठला न्याय?

खरं सांगायचं तर नानांची मला एवढी काळजी नव्हती. चेहरा मी त्यांचाच घेतलाय. मी खोलीत शिरलो की चिरंजीवांचं हसणं थांबतं. नाना निर्दोष सुटले तर त्याच निकालात मीही सुटणार होतो.

साक्षीला आत्या होती. नव्वदी ओलांडलेली, नानांची धाकटी लेक. तिला मी सावली, ठिपका, छप्पर, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पगडी लालच होती," ती म्हणाली. मी खुललो. "पण उजेडाचं काय घेऊन बसलास? नाना घरात याहून वाईट दिसायचे. फोटोपुरते जरा निवळलेत ते."

मी फोटो पुसून परत खिळ्याला अडकवला. रात्री चिरंजीव अभ्यासाला बसले होते. मी आत शिरताच गुणगुणणं थांबलं. मी डोक्यावरचा दिवा घालवला, टेबलावरचा लावला, त्याच्या पांढऱ्या वहीवरून उजेड तोंडावर येईल असा बेतानं समोर बसलो आणि जमेल तसा हसलो.

पोरगा दचकून म्हणाला, "बाबा, माझा रिझल्ट लागला का?"